बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांवरच उकळतं: स्वयंपाकासाठी डिजिटल थर्मामीटर घेताना

टिळकवाडीतल्या अक्काचा फोन आला. "अगं, नवा थर्मामीटर आणलाय, पण बिघडलेला दिसतोय. पाणी खळाखळा उकळतंय आणि हा साडेसत्त्याण्णवच्या वर जाईना झालाय. परत करून टाकू काय?"

"नको अक्का. मीटर चांगला आहे. आपलं गाव उंचावर आहे."

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी की पाणी लवकर उकळतं. दर ३०० मीटरला साधारण १ अंश धरा. म्हणजे पणजीला पाणी १०० अंशांवर उकळत असेल, तर बेळगावात ते साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. निपाणी आपल्यापेक्षा खाली आहे, तिथे ९८ च्या आसपास. थर्मामीटर घेणाऱ्या नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. मग चांगले मीटर परत जातात. किंवा मीटर राहतो, पण त्याच्यावरचा विश्वास जातो.

माझं दुसरं झालं होतं. पहिला मीटर घेतला तेव्हा रव्याच्या लाडवांसाठी एकतारी पाक करायचा होता. पुस्तकात १०५ अंश लिहिलं होतं, मी नेमका १०५ पर्यंत नेला. लाडू असे कडक झाले की सासूबाईंनी ते खलबत्त्यात फोडले, दुधाचा हबका मारला आणि पुन्हा वळले. दिवाळीच्या ऐन तोंडावर दोन किलो रव्याचं ते काम होतं, म्हणून अजून लक्षात आहे. मीटरचा दोष नव्हता आणि पुस्तकाचाही नव्हता. पुस्तक समुद्रसपाटीचं होतं, शेगडी बेळगावच्या शहापुरातली होती.

म्हणून हा लेख. थर्मामीटर कुठला घ्यावा, घरी आणल्यावर तो कसा तपासावा आणि आपल्या भागात त्याचे आकडे कसे वाचावेत, ते क्रमाने सांगते.

आधी ठरवा, मोजायचं काय आहे

दुकानात जाण्याआधी हे ठरलं की अर्धं काम झालं. दही-पनीर लावणाऱ्याला ३० ते ९५ अंशांच्या मधला भाग नेमका हवा असतो. पाक, चिक्की, करदंट (गूळ-सुकामेव्याची वडी) करणाऱ्याला १०० ते १६० अंश लागतात. तळण करणाऱ्याला २०० पर्यंत. इडलीचं पीठ, आल्याचं आंबवलेलं पेय, व्हिनेगर असलं काही करणाऱ्याला २० ते ३५ एवढंच बघायचं असतं, पण ते रात्रभर, सतत.

घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर यातल्या कशालाच चालत नाही. तो ३२ ते ४२ अंशांच्या आसपासच मोजतो आणि उकळत्या दुधात घातला तर कायमचा जातो. काचेचा पाऱ्याचा तर स्वयंपाकघरात आणूच नका. फुटला तर पातेल्यातलं सगळं टाकावं लागेलच, पण पाऱ्याची वाफ घरात राहणं त्याहून वाईट.

प्रकार आणि माझी निवड

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात.

पहिली पेनासारखी: वर छोटा पडदा, खाली स्टीलची सळई. दोन-तीनशे रुपयांपासून मिळते. हिच्या टोकात बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे उष्णतेने विद्युतरोध बदलणारा बारीक तुकडा. आकडा स्थिरावायला आठ-दहा सेकंद किंवा जास्तही लागतात. महागड्या पेनांत थर्मोकपल असतो: दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. त्या जोडाला उष्णता लागली की बारीकसा विद्युतदाब तयार होतो. थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये हा गुण नोंदवला आणि आजचे सगळ्यात चपळ थर्मामीटर त्यावरच चालतात. दोन-तीन सेकंदांत आकडा हजर.

दुसरी तऱ्हा वायरची. सळई पातेल्यात किंवा ओव्हनमध्ये, पडदा बाहेर ओट्यावर. पाकासाठी मला हीच सगळ्यात आवडते. वाफेत हात धरून उभं राहावं लागत नाही आणि ठरलेल्या अंशाला बीप वाजतो.

तिसरी बंदुकीसारखी, लांबूनच मोजणारी. ती फक्त पृष्ठभाग बघते. डोशाचा तवा तापला का एवढं सांगायला ठीक, पण पातेल्याच्या पोटात काय चाललंय ते तिला कळत नाही. चकचकीत स्टीलवर धरली तर आकडा सपशेल चुकतो, कारण ते भांडं आजूबाजूची उष्णता आरशासारखी परतवतं. आणि २०२० साली कोविडमध्ये घरोघरी आल्या त्या कपाळाच्या बंदुका शरीराच्या तापापुरत्याच असतात, त्या स्वयंपाकात घेऊ नका.

एकच घ्यायचा असेल तर पातळ टोकाची, पाणी सोसणारी पेनची तऱ्हा घ्या. पाकाचं काम नेहमीचं असेल तर वायरची. बंदूक सगळ्यात शेवटी.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

सगळ्यात जास्त फसवणूक दशांशात होते. पडद्यावर ८४.३ दिसतं म्हणून मीटर तेवढा अचूक आहे असं नव्हे. दशांश दाखवणं ही पडद्याची गोष्ट, खरं किती हे सांगणं टोकातल्या सेन्सरची. डब्यावर 'अचूकता ±१ अंश' असं काही लिहिलंय का ते हुडका. घरकामाला ±१ पुरतं, ±०.५ मिळालं तर उत्तम. अचूकता कुठेच लिहिलेली नसेल तर तो डबा खाली ठेवा. काही डब्यांवर बारीक अक्षरात ही अचूकता १०० अंशांपर्यंतच दिलेली असते आणि पुढे ती सैल होत जाते. चिक्कीवाल्यांनी एवढं नक्की वाचावं.

वरची मर्यादा किमान २०० अंश हवी. बहुतेक स्वयंपाकाचे मीटर ३०० पर्यंतचे असतात.

टोक बघा. सळई शेवटाला निमुळती होत गेलेली असेल तर ती लवकर वाचते आणि मांसात भोकही लहान पाडते. जाड, बोथट सळई थोड्याशा पाकात किंवा लहान वाटीतल्या दह्यात नीट बुडतच नाही. सेन्सर टोकाच्या एक-दीड सेंटीमीटरमध्ये असतो, म्हणून किमान तेवढा भाग पदार्थात बुडाला पाहिजे.

पाण्यापासून संरक्षणासाठी 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६७' असं लिहिलेलं असतं. शेवटचा ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल. काहीच लिहिलेलं नसेल तर नळाखाली धरायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

सेल कुठला लागतो ते विचारा. एलआर ४४ किंवा सीआर २०३२ बटणसेल असेल तर घड्याळ दुरुस्तीच्या कुठल्याही टपरीवर मिळतो. विचित्र आकाराचा असला तर पुढे तोच एक त्रास होऊन बसतो.

घरी आणल्यावर पहिला तास

परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या करा. पैसे लागत नाहीत आणि मीटर किती खरा ते कुणाला विचारावं लागत नाही.

बर्फाची चाचणी आधी. बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने चुरा. पेला काठोकाठ त्या चुऱ्याने भरा आणि मधल्या फटी भरतील एवढंच गार पाणी ओता. पाणी जास्त झालं तर वर बर्फ आणि खाली शून्याहून थोडं वरचं पाणी असे थर होतात. पाणी अजिबात नसेल तर फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्याही खालचा असतो. म्हणून दोन्ही हवेत. ढवळा, दोन मिनिटं थांबा, सळई मधोमध धरा, काचेला टेकवू नका. ० यायला हवा. बर्फाच्या या चाचणीवर उंचीचा परिणाम होत नाही, बेळगाव असो की पणजी.

मग उकळीची. उघड्या पातेल्यात भरपूर पाणी, मोठी आच, बुडबुडे पृष्ठभाग फोडून वर यायला लागले की सळई घाला. बुडाला टेकवायची नाही, कारण पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो. बोअरचं पाणी असलं तरी चालतं, त्यातल्या क्षारांनी फरक पडतो तो दिसण्याइतका नसतो. बेळगाव शहरात ९७.५ च्या आसपास आकडा स्थिरावला की मीटर खरा. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो तेव्हा दोन दशांश कमी दिसले तरी घाबरू नका.

बर्फात ० ऐवजी १.५ आणि उकळीत ९९ असं आलं, तर मीटर सगळीकडे दीड अंश पुढे चालतोय. तो वापरता येतो, दर वेळी दीड वजा करायचा. काही मीटरना मागे जुळवणीचं बटण असतं, बर्फात धरून ते दाबलं की शून्य बसतं. पण बर्फात बरोबर आणि उकळीत चार अंश चुकलेला असला, तर त्याच्याशी हिशेब घालत बसू नका, परत द्या. आणि बेळगावात नेमके १०० दाखवणारा मीटर तर मुळीच चांगला समजू नका. तोच चुकलेला आहे.

पाकाचं गणित

पाक म्हणजे साखर आणि पाणी. पाणी उडत जातं, साखरेचं प्रमाण वाढत जातं, तसतसा पाक अधिक तापमानाला उकळतो. म्हणून तापमान बघून पाकात किती पाणी उरलंय ते कळतं. गोळीबंद पाकात साधारण ८५ टक्के साखर असते, कडक चिक्कीच्या पाकात ९९ टक्के. पण ही सगळी चढण पाण्याच्या उकळबिंदूपासून मोजायची असते. आपल्याकडे सुरुवातच अडीच अंश खालून होते, त्यामुळे प्रत्येक टप्पा अडीच अंश आधी येतो.

म्हणून आपल्या घरची उकळ एकदा मोजा. १०० मधून ती वजा करा. जो फरक येईल तो पुस्तकातल्या पाकाच्या आकड्यातून वजा करा.

एकतारी पुस्तकात १०५ असेल तर बेळगावात १०२.५. गोळीबंद ११२ ते ११६ असेल तर आपल्याकडे साधारण ११० ते ११३. साखरेची कडक चिक्की १४६ ते १५४ असेल तर १४३ ते १५१. कृती पुण्याच्या कुणी स्वतः मोजून लिहिली असेल तर एवढं वजा करू नका, कारण पुणंही ५६० मीटर उंचावर आहे. फरक अर्ध्या-पाऊण अंशाचाच राहतो. मुंबईची किंवा परदेशातली कृती असेल तर पूर्ण अडीच.

एक अपवाद लक्षात ठेवा. साखर जळून तांबूस होणं हे उकळीवर अवलंबून नाही, ते ज्या तापमानाला व्हायचं त्यालाच होतं. कॅरमलचा रंग हवा असेल तर पुस्तकातला आकडा जसाच्या तसा.

गुळाच्या पाकाला आणखी जपावं लागतं. गुळात साखरेशिवाय इतर गोडवे आणि मळीचे अंश असतात, तो लवकर करपतो. गुळाच्या चिक्कीला किंवा करदंटाला दिलेल्या आकड्यांच्या खालच्या टोकाशीच थांबा आणि शेवटचे पाच अंश आच मंद ठेवा. शंभरच्या पुढे पाक रेंगाळतो आणि एकशेवीसच्या पुढे धावतो, कारण त्यात पाणी थोडंच उरलेलं असतं.

निपाणीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर मी वायरचा मीटर घेऊन गेले होते. काहिलीत पाक रटरटत होता, मळी काढून झाली होती. गुळव्या लांब काठीने थेंबभर पाक उचलून गार पाण्याच्या तांब्यात सोडायचा आणि बोटांत गोळी वळून बघायचा. दोनदा मान हलवली. तिसऱ्या वेळी गोळी तांब्याच्या कडेवर आपटली, टण्ण आवाज आला, तो म्हणाला, "उतरवा." माझ्या पडद्यावर ११६ होतं. काकवी पाहिजे असली तर कधी काढता विचारलं, तेव्हा त्याने आधीचा एक क्षण दाखवला होता. तो १०४ होता. चाळीस वर्षं त्या चुलवाणासमोर उभं राहिलेल्या माणसाला मीटरची गरज नाही. आपण वर्षातून दोनदा पाक करतो, आपल्याला आहे. पण गार पाण्यातली गोळी मी आजही करून बघते आणि नव्या माणसानेही करावी. मीटर जवळ आलो हे सांगतो, गोळी पोचलो हे सांगते.

कुंद्याला, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईला, मात्र मीटर लावू नका. खवा घट्ट झाला की सळई त्यात एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरंच दाखवते. तिथे उलथनं, रंग आणि वास.

दूध, दही आणि आंबवण

दही घट्ट लागावं असं वाटत असेल तर दूध ८५ अंशांपर्यंत तापवून दहाएक मिनिटं तिथेच राहू द्या. दुधातली प्रथिनं त्या उष्णतेने उलगडतात आणि दही पाणी सोडत नाही. मग ४३ पर्यंत निवू द्या आणि विरजण लावा. ५० च्या वर लावलंत तर विरजणातले जीवाणू मरायला लागतात, ३५ च्या खाली लावलंत तर दही लागायला सकाळ उजाडते. बोटाने 'कोमट' बघण्यात हीच गफलत होते. उन्हातून आलेल्या माणसाचं कोमट वेगळं, नळाखाली भांडी घासत असलेल्याचं वेगळं.

निवताना साय धरते आणि तिच्याखाली दूध गरमच राहतं. सळई घालण्याआधी एकदा हलवा.

कच्चं दूध घरी पाश्चराइज करायचं असेल तर ६३ अंशांवर सलग ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. इथे उंचीचा हिशेब नाही, जंतू मरायला लागणारं तापमान सगळीकडे तेच.

बेळगावच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही ही घरोघरची तक्रार. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि पिठाला २८ ते ३० लागतात. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यातही हीच अडचण. पिठाचा डबा बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा लावा आणि वायरची सळई पिठातच सोडा. माझ्या ओव्हनमध्ये दिवा रात्रभर ठेवला तर पीठ ३६ वर जातं आणि आंबट होतं, म्हणून मी झोपताना तो बंद करते. तुमच्या ओव्हनचं तुम्हीच दोन रात्री बघा. याच कामाला 'डीएस १८ बी २०' नावाचा लांब वायरचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. १० अंश उणे ते ८५ अंशांपर्यंत तो ±०.५ इतका अचूक असतो. मात्र १२५ च्या वर त्याला नेऊ नका, पाकात तर नाहीच.

घरी बिअर करण्याबद्दल विचारणारी मुलं आता भेटतात. त्यांना आधी हे सांगते की कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. ब्रुअरीत शिकत किंवा काम करत असाल तर थर्मामीटरची गरज तुम्हाला सगळ्यांत जास्त आहे. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवताना ६२ ते ६८ अंशांमधले दोन-तीन अंशच ठरवतात की पेय हलकं होणार की अंगाने जड, आणि यीस्ट घालताना बिअरच्या बहुतेक 'एल' प्रकारांना १८ ते २२ लागतात. तिथे ±०.५ पेक्षा कमी अचूक काही घेऊ नका.

चिकन आणि तळण

चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश. मटणाच्या खिम्याला ७१, चिकनच्या खिम्याला ७४च. हेही उंचीने बदलत नाहीत. कच्च्या मांसात घातलेली सळई धुतल्याशिवाय दुसऱ्या कशात घालू नका.

तळणाला १६० ते १९०. चकलीला खालची बाजू, पुरीला वरची. तेल ढवळून मोजा, कारण कडेला आणि मध्ये दहा अंशांचा फरक सहज असतो.

मीटर जपताना

वायरच्या मीटरचा जीव वायर सळईला मिळते त्या सांध्यात असतो. तिथून पाणी आत शिरलं की पडद्यावर भलतेच आकडे उड्या मारतात. धुताना तो सांधा बुडवू नका, आणि वायर गॅसच्या ज्वाळेवरून नेऊ नका. गरम सळई एकदम गार पाण्यात घालू नका.

आकडे अचानक दुप्पट दिसले तर मीटर बिघडला असं धरू नका, सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघा. पडदा फिका पडला की सेल बदला, मरत्या सेलवर आकडे भरकटतात. महिना-दोन महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर तो आतच पाझरतो.

दर सणाच्या आधी बर्फ आणि उकळ पुन्हा करून बघा. माझ्या फडताळाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, आणि पुढे दोन आकडे. सगळ्यात अलीकडची नोंद अशी: बर्फ ०.२, उकळ ९७.४.